पत्राची मागची बाजू

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता घोडपदेवच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत मुलं जमतात. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ही खोली मागून घेतली. दोन कपाटं पुस्तकं, एक सतरंजी आणि एक नियम. पुस्तकाचं शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते कपाटात परत जात नाही. मुलं आधी कुरकुरतात, मग सवय होते.

यंदा सगळ्यांना लढायांचं वेड लागलं होतं. विक्रांतला रणगाडे आवडतात. कोणता रणगाडा किती टनांचा, हे तो जेवताना आईलाही सांगत असतो. संघमित्राचं निराळं. आठवीतली ही पोर पुस्तक उघडायची तेच शेवटाकडून. शेवटची लढाई कुठे झाली, तहावर सह्या कोणी केल्या, तोफा किती वाजता थांबल्या, हे सगळं ती एका वहीत उतरवून ठेवायची. वहीवर लिहिलं होतं, ‘युद्ध कसं संपतं’.

"बाई, हे बघा," ती एकदा म्हणाली. "पहिल्या महायुद्धात पहाटे पाचला सह्या झाल्या आणि गोळीबार थांबला अकराला. मधल्या सहा तासांत पण माणसं मेली. सह्या झाल्यावर."

"निरोप पोचायला वेळ लागतो ना," विक्रांत म्हणाला. "तेव्हा काय ग्रुप नव्हता."

"निरोप पोचला होता रे. तरी मेली."

"मग येडेच."

"विक्रांत," मी म्हटलं.

"सॉरी बाई. पण येडेच."

संघमित्रा हसली नाही. पान उलटून म्हणाली, "आता एकाहत्तरचं लिहितेय. आमचे आजोबा त्यात गेले ना. सोळाला ढाक्यात शरणागती, पण पश्चिमेला सतराच्या रात्री आठपर्यंत चालू होतं. आजोबा सतरालाच गेले. म्हणजे आठच्या आधी. पण किती वाजता, ते कुठेच नाही. घरी ते पत्र आहे ना भिंतीवर, फ्रेममधलं, ते मी काल नीट वाचलं. बाई, त्या पत्रावर सही का नाहीये?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"साहेबाचं पत्र असून खाली नाव नाही. तारीख वर आहे, नाव नाही. मागे असेल का काही?"

"असेल," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी बघू."

तो आठवडा मला फार लांब गेला.

मागे काय आहे, ते मला माहीत होतं. चाळीत ते माहीत असलेली मी एकटीच होते, आणि त्याला चोपन्न वर्षं होत आली होती.

संघमित्राचा आजोबा रघुदादा आमच्याच गॅलरीतला. लष्करात भरती झाला, एकाहत्तरच्या मे महिन्यात लग्न करून कमळावहिनीला घेऊन आला, दीड महिना राहिला आणि परत गेला. वहिनी एकोणीस वर्षांची. मी नववीत होते, म्हणजे तिच्याहून पाचच वर्षांनी लहान, पण ती मला लती म्हणायची आणि मी तिला वहिनी. युद्ध संपल्यावर पाचव्या दिवशी तार आली. तारेत फक्त तारीख होती. मग जानेवारीत त्याच्या साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. टाइप केलेलं, एकच कागद, दोन्ही बाजूंना मजकूर. चाळीत इंग्रजी वाचणारे पुरुष होते, पण ते गिरणीत, पाळीवर. रघुदादाचे वडील अप्पा मला बोलवायला आले. वर्गात माझा पहिला नंबर असायचा, एवढीच माझी लायकी.

वहिनीला सातवा महिना होता. भिंतीला टेकून बसली होती. सासू चुलीपाशी. मी एक एक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. तेरा दिवस तो खंदकातून हलला नाही. सोबत्यांचा त्याच्यावर जीव होता. सतरा तारखेला तो आम्हाला सोडून गेला. तिथे पुढची बाजू संपली. मी पान उलटलं आणि मागचं आधी मनात वाचलं. सगळे शब्द येत नव्हते, पण जेवढे आले तेवढे पुरेसे होते. वर पाहिलं तर वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुढे?" तिने विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी अप्पा विचारत होते, हा कागद ठेवायचा कुठे, घरात उंदीर फार. मीच म्हटलं, "फ्रेम करा अप्पा, खराब होणार नाही." माझीच युक्ती. करी रोडच्या फ्रेमवाल्याने पुढची बाजू काचेला लावली आणि मागे फळी ठोकली. रघुदादाच्या फोटोशेजारी ती फ्रेम लागली. पुढे त्या घरात शिकलेली माणसं आली. वहिनीचा मुलगा अभय पदवीधर झाला, बँकेत लागला. सगळ्यांनी पत्र वाचलं. शेवटचं वाक्य असं होतं की त्यापुढे काही असावं, असं कुणालाच वाटलं नाही. सही बघायला संघमित्राच जन्माला यावी लागली. आणि शेवट वाचायचा नाद तिला मीच लावला होता.

शनिवारपर्यंत मी थांबले नाही. शुक्रवारी सकाळी मीच त्यांच्या दारात गेले. कमळावहिनी तांदूळ निवडत होती. वय त्र्याहत्तर, पण निवडायला चष्मा लागत नाही. संघमित्राला शाळेला सुट्टी होती. अभय कामावर गेला होता.

"ये गं लती. आज शुक्रवारी कशी?"

"वहिनी, ती फ्रेम उघडायची आहे," मी म्हटलं. "पत्राच्या मागे मजकूर आहे. मला माहीत होता. मी तेव्हा वाचला नाही."

तिचे हात ताटात थांबले. नातीकडे बघून म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर आण बापाचा."

खिळे गंजले होते. संघमित्राने फळी उचकटली तेव्हा जुन्या लाकडाची भुकटी चादरीवर सांडली. कागद मागून पिवळा पडला होता, पण अक्षरं स्वच्छ होती आणि खाली निळ्या शाईत सही होती. संघमित्रा मनात वाचायला लागली. तिचा चेहरा मला दिसत होता. चौदाव्या वर्षी माझा चेहरा तसाच दिसला असेल.

"मोठ्याने," वहिनी म्हणाली.

संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचाच नियम," असं हळूच म्हणाली आणि वाचू लागली. इंग्रजी वाक्य मनात, मराठी तोंडाने.

"रात्री आठ वाजता गोळीबार थांबला. आम्ही सगळे खंदकाबाहेर आलो. तेरा दिवसांनी पहिल्यांदा ताठ उभे राहिलो. तुमच्या नवऱ्याने सगळ्यांसाठी चहा केला. बाळाच्या वेळी रजा मिळेल का, असं त्याने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. साडेनऊच्या सुमारास पुढच्या शेतातून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला. आपला की त्यांचा, ते कळत नव्हतं. त्याला आणायला मी दोघांना पाठवलं. त्यात तो होता. वाटेत सुरुंग होता. युद्ध तेव्हा संपलेलं होतं. हे तुम्हाला कळवणं मला जड जातं आहे, पण त्याला मी पाठवलं, हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही."

मग तिने सही वाचली. नाव आणि हुद्दा.

खालून भंगारवाल्याची हाक येत होती.

"म्हणजे आठ वाजता तो चहा पीत होता," वहिनी म्हणाली.

"हो आजी."

"साखरेचा?"

संघमित्राने कागदात पुन्हा पाहिलं. "डब्यातल्या घट्ट दुधाचा, असं लिहिलंय. ते गोडच असतं आजी."

वहिनीने ताट बाजूला सारलं. आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत आहे की कमळाबाई बिनसाखरेचा चहा पितात. कुणी म्हणतं मधुमेह, कुणी म्हणतं नवऱ्यामागे सोडली. मीही तसंच धरून चालले होते. कधी विचारलं नाही.

"त्या दिवशी रेडिओवर सांगितलं होतं, आठला बंद होणार," ती नातीला सांगू लागली, पण ऐकत मी होते. "काचांना खाकी कागद लावले होते आम्ही, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. आठचे टोले पडले आणि पोरांनी ते टराटरा फाडले. मी वाटीत साखर घेतली आणि दारोदार गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लतीच्या हातावर पण घातली होती."

मला आठवलं. मी ती चाटून खाल्ली होती.

"मग तार आली. सतरा तारीख. सासूने हिशोब केला. आठला युद्ध बंद, म्हणजे हा त्याच्या आधीच गेला. म्हणाली, नवरा तिकडे मरून पडला होता आणि ही इकडे साखर वाटत फिरत होती. पुढे वीस वर्षं म्हणत होती. सणाला म्हणायची, बारशाला म्हणायची. अभयच्या बारशाला साखर माझ्या हाताने वाटू दिली नाही तिने. मला पण तसंच वाटायचं. तो पडलेला आणि मी हसतेय. म्हणून मग तोंडाला गोड लावलं नाही."

तिने रघुदादाच्या फोटोकडे पाहिलं.

"आणि तो तर चहा पीत होता. मी वाटत होते तेव्हा तो पण तिकडे गोडच पीत होता."

मी म्हटलं, "वहिनी, मला वाटलं, युद्ध संपल्यावर गेला हे कळलं तर तुम्हाला सहन होणार नाही. दिवस गेलेले होते तुम्हाला. मी चौदा वर्षांची होते."

"चौदाची होतीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मग पंधराची झालीस, लती. पंचविसाची झालीस. मास्तरीण झालीस. रोज या दारावरून गेलीस."

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले की चूक झाली तर त्याच दिवशी सांगावी, दुसऱ्या दिवशी ती मोठी होते. माझी चूक किती मोठी झाली, ते मला त्या सकाळपर्यंत ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं, मी एक वाईट बातमी तिच्यापासून दूर ठेवली आहे.

"साडेनऊला," वहिनी स्वतःशीच म्हणाली. "साडेनऊला मी भांडी घासत होते." मग थोड्या वेळाने, "सगळं संपलं होतं, मग कशाला पाठवला त्याला?"

"कुणीतरी कण्हत होतं आजी," संघमित्रा म्हणाली.

"हो. गेला असता तो. नाही पाठवला तरी गेला असता." तिने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच ओघळू दिलं. "लती, तू वाच आता. पोरीने नको. पहिल्यापासून वाच आणि थांबू नकोस."

मी कागद घेतला. अक्षरं बारीक, आणि चष्मा मी घरी विसरले होते. कागद लांब धरून पुढची बाजू वाचली. पान उलटलं. चहापाशी अडखळले. सुरुंगापाशी पुन्हा अडखळले. पण सहीपर्यंत गेले.

वहिनीने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला, मागची बाजू वर. त्यावरून तळवा फिरवत राहिली.

संघमित्राने वही आणली होती. एकाहत्तरच्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने ‘सतरा डिसेंबर, रात्री आठ’ असं लिहिलेलं होतं. ती त्याकडे बघत बसली. खोडलंही नाही, पुढे काही लिहिलंही नाही.

मी उठले. "येते वहिनी," म्हटलं. एरवी ती दारापर्यंत येते, सांभाळून जा म्हणते. त्या दिवशी तिने मान वर केली नाही. मी चपला घातल्या आणि गॅलरीतून माझ्या खोलीकडे चालू लागले. चार दारांचं अंतर.

कुलूप काढत होते तेवढ्यात मागून संघमित्रा धावत आली.

"बाई, आजी म्हणतेय, उद्या परत वाचायला या."

मी मान हलवली. ती जायला निघाली आणि पुन्हा वळली.

"आणि चष्मा घेऊन या म्हणाली. दोनदा अडखळलात."