धुतलेला कोळसा

मी एक जुना कोळसा आहे, मित्रांनो. चुलीतला नव्हे, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याच्या डब्यातला.

मला करवंट्या भाजून बनवलं, मग तापलेल्या वाफेने आतून पोखरलं. माझ्या चमचाभर दाण्यांत मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला आहे. पण सांडपाण्यातून कुजक्या अंड्यांच्या वासाचा जो वायू निघतो, तो नुसत्या पोकळीत फारसा अडकत नाही. म्हणून मला क्षाराच्या पाण्यात भिजवून सुकवलं. डोळ्यांना न दिसणारा तो थर हीच माझी खरी ताकद होती.

सांडपाण्याच्या पंपघरात मी दोन महिने राबलो. तिथल्या मिस्त्रींना सगळे 'चकाचक' म्हणत. त्यांचे नट आवळायचे पानेसुद्धा आरशासारखे लखलखत. "याच्या जिवावर उतरतो मी खाली," असं म्हणून ते मला थोपटत.

एके दिवशी त्याच मायेने त्यांनी मला डब्यासकट नळाखाली धरलं. चांगलं खळखळून धुतलं आणि उन्हात वाळवलं. माझा थर पाण्याबरोबर वाहून गेला.

"दादा, आता पावडरही लावा त्याला!" पंपघरातली वायरमनताई हसली.

"हस तू. झाला की नाही नव्यासारखा?"

दुसऱ्या दिवशी तळघरातला पंप अडकला. मुखवटा चढवून आणि कमरेला दोर बांधून मिस्त्री उतरले. दोराचं दुसरं टोक ताईच्या हातात होतं. वायू माझ्यातून सरळ आत शिरू लागला.

"ताई, थोडा वास येतोय गं."

"मग वर या!"

"दोनच नट राहिलेत."

जरा वेळाने ते खुशीत म्हणाले, "गेला बघ वास! डबा लागला कामाला."

वास गेला नव्हता, मित्रांनो. त्या वायूनेच त्यांचं नाक बधिर झालं होतं. त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर असूनही मला ते सांगता येत नव्हतं.

"गेला? अहो, मला इथे वर येतोय!" ताई किंचाळली आणि तिने दोर खेचला. रखवालदारही धावला. मिस्त्री वर आले तेव्हा त्यांची मान लोंबत होती.

ते वाचले. पण दूध नासलंय का, हे अजूनही त्यांना वासावरून कळत नाही. डबा जुना झाला होता, असं सर्वांनी ठरवलं. धुण्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, पण आम्हाला पाणी लावू नका. आमचे दिवस भरले की आम्हाला खुशाल फेकून द्या.

मी आता नळाशेजारच्या भंगाराच्या पेटीत पडून आहे. आज सकाळी मिस्त्री कामावर परतले. त्यांनी फळीवरचा नवा डबा उचलला, त्यावरून बोट फिरवलं, धूळ पाहून नाक मुरडलं आणि नळ सोडला.