संत्र्याची गोळी

'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' असा विनायकरावांचा खाक्या. हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये त्यांनी ना वनस्पती तूप शिरू दिलं, ना रंगीत सरबत. परदेशात शास्त्रज्ञांनी एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केली, तेव्हा तर मराठी मंडळात त्यांनी भाषणच ठोकलं: आज मेंढीची नक्कल, उद्या ताटातल्या भाकरीची!

पहिल्या रांगेतून त्यांची बायको शशिकलाबाई म्हणाल्या, "अहो, नागपूरकडची आपली संत्र्याची बाग तरी काय? एका झाडाचे डोळे काढून बाकीच्यांवर कलमं बांधली. सगळी नक्कलच की!"

लोक खो खो हसले.

पुढच्याच हिवाळ्यात शशिकलाबाई अंथरुणाला खिळल्या. पोटातला रोग, जहाल औषधं, तोंडभर फोड. डॉक्टरांनी हात टेकले. मागतील ते द्या, म्हणाले. शशिकलाबाईंनी मागितली संत्र्याची गोळी. शाळेच्या फाटकापाशी मिळते ती, फोडीसारखी, साखर लावलेली.

"अगं, घरची बाग असताना ही रंग घातलेली साखर?" विनायकरावांनी बागेवरच्या भावाला फोन करून संत्र्यांची पेटी मागवली. ती यायला चार दिवस गेले. मग त्यांनी फोडी सोलल्या, बिया काढल्या आणि मायेनं एकेक फोड बायकोच्या जिभेवर ठेवली. आंबट रस तोंडातल्या फोडांना झोंबला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, तरी नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्या गिळत राहिल्या. तत्त्व कवटाळून बसलं की शेजारचं माणूस दिसत नाही, हेच खरं.

ते पाणी पाहिलं आणि विनायकराव तसेच उठून जवळच्या इंद्रपुरीतल्या दुकानात गेले.

"पोते के लिए, साहब?" दुकानदारानं विचारलं.

"नहीं, बीवी के लिए."

शशिकलाबाईंनी गोळी बराच वेळ जिभेवर धरली. मग बोटांनी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"काहीच लागत नाही हो. परवापर्यंत थोडी चव होती, आता तीही गेली."

विनायकराव गोळी टाकायला उठले.

"टाकू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही खा, आणि मला सांगा कशी लागते."

जन्मात न खाल्लेली ती गोळी त्यांनी तोंडात टाकली. गोड होती, नुसती गोड. संत्र्याचा तिच्यात मागमूस नव्हता.

"संत्र्यासारखीच आहे गं," ते म्हणाले. "अगदी आपल्या बागेतल्या."

शशिकलाबाईंनी डोळे मिटले.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या.