पाचशेवा माणूस

अण्णाप्पाच्या घरातून एक रेषा जात होती. ती कुणाला दिसत नव्हती. पण तिची वार्ता कळल्यापासून त्याची झोप उडाली होती. एकाहत्तरच्या शिरगणतीआधी मोजणीदार साखळी ओढत चंदगडच्या त्या डोंगरात आला आणि सांगून गेला, की वरचीवाडी आणि आंबेखोल यांची हद्द बरोबर त्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जाते. पुढचा सोपा वाडीत, आतली चूल आंबेखोलात.

एरवी त्याने हे हसण्यावारी नेले असते. पण पाचशे माणसे भरली, तर वाडी आंबेखोलपासून सुटून तिला स्वतःची ग्रामपंचायत मिळणार होती, आणि सरपंचाची खुर्ची अण्णाप्पाने मनातल्या मनात केव्हाच सोप्यावर मांडली होती. शेजारच्या विरूपाक्षाने ती स्वतःच्या सोप्यावर मांडली होती, हा भाग वेगळा. वाडी मात्र अण्णाप्पाचे घर धरल्याशिवाय पाचशेला पोचत नव्हती.

शिरगणतीला नेमलेल्या माधव गुरुजींनी नियम सांगितला: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, आणि चूल ज्या गावात, त्या गावचे ते कुटुंब.

अण्णाप्पाने बायकोला चूल सोप्यात आणायची गळ घातली. पहाटेच्या धुक्यासारखा तो तिच्याभोवती रेंगाळला, लोकशाहीबद्दल बोलला. बसव्वा भाकरी थापत राहिली.

"आत्याबाईनी मांडलेली चूल हाय," ती म्हणाली. "तुमच्या खुर्चीसाठी न्हाय हालायची."

मग त्याने स्वतःच्या हाताने सोप्यात चूल घातली. ओली माती, ओले सरपण. गुरुजी आले तेव्हा सोपा धुराने असा भरला होता, की सरकारचा प्रतिनिधी खोकत खोकत खांबाला आदळला. डोळे पुसत त्यांनी विचारले, की या चुलीवर कोण कोण जेवते.

उंबऱ्याच्या आतून उत्तर आले. "ह्ये एकलंच, गुरुजी. आमी आतली समदी आंबेखोलची."

बायको, आई, चार मुलगे, सुना, नातवंडे आंबेखोलात गेली. वाडीच्या वाट्याला आला एकटा अण्णाप्पा. आणि बेरीज झाली नेमकी पाचशे.

पंचायत झाली. खुर्ची आली, पंचायतीला जागा नव्हती म्हणून ती खरोखरच सोप्यावर आली, चुलीशेजारी. पण निवडणुकीत हरलेल्या विरूपाक्षाने बजावले होते, की सरपंचाची चूल विझली तो दिवस सरपंच आंबेखोलचा, आणि वाडी चारशे नव्याण्णवची. तेव्हापासून रोज सांज उतरताना तो अंगणात येऊन धुराकडे बघत उभा राही.

आत बसव्वाच्या तव्यावर भाकऱ्या टम्म फुगत. बाहेर सरपंचाची भाकरी तालुक्याच्या नकाशासारखी उतरे, चारी बाजूंनी हद्द वेडीवाकडी, मधे करपलेले डोंगर. ती तो एकटा चावे, आणि आतल्या फोडणीचा वास हद्द न मानता येई. जगातले सगळे एकाकीपण, त्याला वाटे, आपल्याच ताटात वाढले आहे.

एका संध्याकाळी उंबऱ्यावरून हात आला. हातात मटणाच्या रश्शाची वाटी.

"वहिनी, ह्ये चालायचं न्हाय," अंगणातून विरूपाक्ष म्हणाला. "तुमच्या चुलीवरचं हाय की त्ये."

बसव्वाने डोक्यावरचा पदर सारखा केला. "परगावचं पावणं बसलंय उंबऱ्याशी. वाटीभर कालवण बी दिऊ न्हाय व्हय?"

विरूपाक्षाला यावर नियम सापडेना. सरपंचांनी खुर्ची उंबऱ्याकडे सरकवली आणि पाहुण्याच्या संकोचाने आणखी एक वाटी मागितली.