अट क्रमांक अडतीस

माझ्या ताईचा कुत्र्यांचा निवारा महिनाअखेर बंद होणार होता. जागामालकाला जागा परत हवी होती आणि ताईला गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर मुलाकडे राहायला जायचं होतं. पंधरा वर्षांत त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. चौदा कुत्र्यांपैकी तेरांची सोय लागली. उरले आजोबा.

आजोबा हे कुत्र्याचंच नाव. निवाऱ्यात सगळे त्यांच्याविषयी आदरार्थी बोलायचे. आजोबा जेवले, आजोबा रुसले, आजोबांनी सतरंजी ओली केली. डॉक्टरांच्या मते वय बारा, 'किंवा दहा, पण कष्टात गेलेली.' डावा डोळा दुधाळ, कंबर आखडलेली, पुढचे दात मोजायला गेलं तर एका हाताची बोटं उरावीत असे. गावाबाहेरची मोठी संस्था आठ वर्षांवरचा कुत्रा घेत नाही. महिनाअखेरपर्यंत घर मिळालं नाही, तर आजोबांची रवानगी नगरपालिकेच्या कोंडवाड्यात होणार होती. तिथे दहा दिवस ठेवतात. त्यापुढे काय करतात, हे विचारलं की तिथला माणूस खिडकीबाहेर बघतो.

घर शोधायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यातच सगळी गोम होती.

मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. लोकांची घरं जळली, भिजली, खचली की मी जातो आणि भरपाई का देता येत नाही ते शोधून काढतो. पंचवीस वर्षांत हात चांगला बसलाय. तीन वर्षांपूर्वी ताईकडून नेलेले कुत्रे भराभर परत यायला लागले होते. एक तर सोफ्याच्या रंगाला केस जुळत नाहीत म्हणून परत आला. ताई म्हणाली, "तू एवीतेवी लोकांच्या घरातल्या चुका काढतोस, जरा आमच्यासाठी काढ." मी एक्केचाळीस अटींचं गृहपाहणी पत्रक तयार केलं. ते आल्यापासून एकही कुत्रा परत आला नाही. ताईने मला शाल दिली. फारसा कुणी गेलाच नाही म्हणून कुणी परत आला नाही, हे तिच्या लक्षात यायला वर्ष लागलं.

माझं स्वतःचं घरही मी तपासलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायकोला दमा, दिवसभर दाराला कुलूप. एक्केचाळीसपैकी बारा. मी स्वतःचा अर्ज फेटाळला आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

त्या महिन्यात आजोबांना बघायला चार जण आले. एका जोडप्याला मूल हवं की नको हे ठरत नव्हतं, म्हणून आधी कुत्र्यावर सराव करायचा होता. एका बाईंना फोटोतला कुत्रा हवा होता, मी म्हटलं फोटोतले हेच, तर त्या म्हणाल्या, "तो बसलेला होता." एका दुकानदाराला राखणीला हवा होता. त्याने आजोबांच्या कानाशी टाळी वाजवली. आजोबांनी त्याच्याकडे न बघता जांभई दिली. चौथा गृहस्थ सगळ्यात मोकळा होता.

"अजून किती काढेल?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं. तीनही काढतील."

"दोन नक्की ना? आमचा घरभाड्याचा करार तेवढाच आहे. पुढे लटकायला नको."

मी पत्रक न काढताच त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका काकूंचा फोन आला. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर छत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे भिंतीने बंद केलेलं अंगण. मी टॉर्च आणि टेप घेऊन गेलो आणि दीड तास घर चाचपत फिरलो. दारांच्या फटी, औषधांचं कपाट, कचऱ्याच्या डब्याचं झाकण. सापडेना काहीच. सवय नसल्यामुळे मी थोडा बेचैन झालो.

"काही राहिलंय का?" काकू म्हणाल्या. "पलंगाखाली बघा हवं तर. लाजू नका."

"बघितलं मघाशीच."

"मला वाटलंच. दहा मिनिटं तुमचे पायच दिसत होते."

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना भेटीसाठी घेऊन गेलो. ते दारातून आत गेले, दोन्ही खोल्या हुंगल्या आणि काकूंच्या नडगीला अंग टेकवून उभे राहिले. काकू तशाच उभ्या राहिल्या. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, तरी त्या हलल्या नाहीत.

चाळीस अटी पूर्ण होत्या. राहिली होती अडतिसावी. अर्जदार पासष्टच्या वर असेल, तर त्याच्या पश्चात कुत्र्याची जबाबदारी घेणाऱ्या, त्याच गावातल्या तरुण नातेवाइकाची सही लागेल. ही अट मी आजोबांमुळेच घातली होती. त्यांचे मालक एकटे राहायचे. घरातच गेले. चार दिवस कोणाला पत्ता नाही. आजोबांनी भुंकून भुंकून आवाज घालवला आणि शेजाऱ्यांनी आवाज थांबला म्हणून ताईला बोलावलं. भुंकत होते तोवर त्यांची तक्रारच होती.

मी ताईला म्हटलं, "अडतीस गाळून टाकू. माझीच अट आहे, मीच खोडतो."

"खोड," ताई म्हणाली. "पण दार फोडलं तेव्हा तू नव्हतास, मी होते. ते त्या माणसाच्या हाताशी बसले होते. मला बघून शेपटी हलवली आणि उठले मात्र नाहीत. पुन्हा तसं होणार नाही एवढं मला लिहून दे आणि मग काय खोडायचं ते खोड."

मला लिहून देता आलं नाही. माझा धंदाच मुळी असं काही लिहून न देण्याचा आहे.

काकूंचा मुलगा गावातच चष्म्याचं दुकान चालवत होता. काकूंनी त्याला जेवताना विचारलं होतं. तो ताटावरून उठला होता. मी दुकानात गेलो. त्याने पत्रक वाचलं, चष्मा बदलला आणि पुन्हा वाचलं.

"'अर्जदाराच्या पश्चात'. म्हणजे आईच्या? हे काय लिहिलंय?"

"छापील मजकूर आहे."

"छापणाऱ्याला आई नव्हती का?"

"होती. मीच छापलाय."

"मग तुमच्या आईच्या वेळी सही केली होतीत?"

"तिला कुत्री आवडायची नाहीत."

त्याला हसू आलं आणि आल्याचा रागही आला. "हे बघा, कुत्र्याला माझी ना नाही. तिला सोबत होईल. पण असल्या कागदावर सही म्हणजे मी तयारीत बसलोय असं होतं. नाही करणार."

मी मग त्याला ते चार दिवस सांगितले. दाव्याच्या कामात समोरच्याला काय सांगितल्यावर तो मुकाट्याने सही करतो, ते मला कळतं. माणूस कुठे पडला होता, पाण्याचं भांडं कधी संपलं असेल, दाराच्या आतल्या बाजूला कसले ओरखडे होते. तो ऐकत होता, पण कुत्र्याचं नाही. तो दुसऱ्याच कुठल्यातरी दाराचा विचार करत होता.

"तिचा फोन कधीकधी दुपारपर्यंत लागत नाही," तो म्हणाला. "मी म्हणतो, झोपली असेल."

त्याने सही केली. नुसती सही करून थांबला असता तर बरं झालं असतं. पण दुकानाचा शिक्का मारून झाल्यावर त्याने समासात बारीक अक्षरात लिहायला घेतलं: रोज सकाळी आठला मी फोन करीन. उचलला नाही तर वीस मिनिटांत पोहोचेन. एक किल्ली माझ्याकडे, एक शेजारी. कुत्रा त्याच दिवशी माझ्या घरी. खाली दोन फोन नंबर, एक बायकोचा. इतका नीटनेटका कागद मी नोकरीत पाहिला नव्हता. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. ती बेरीज मी स्कूटरवर बसण्याआधी दोनदा केली.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. मग समास वाचला. त्यासाठी कागद आडवा धरावा लागला.

"अक्षर सुधारलं त्याचं," त्या म्हणाल्या. "शाळेत असताना कोंबडीचे पाय असायचे."

"उद्या घेऊन येतो आजोबांना. दहाला?"

"सकाळी आठ. वीस मिनिटं. किल्ली शेजारी." त्या वर न बघता म्हणाल्या. "म्हणजे हे सगळं डोक्यात होतं त्याच्या. एरवी बोलत नाही."

"काकू, हे कुत्र्यासाठी लिहिलंय हो."

"कुत्र्यासाठी एक ओळ पुरते." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी आपला सरळ विचार केला होता. तो म्हातारा, मी म्हातारी, पण तो आधी जाईल. मी त्याचं शेवटचं नीट करीन. उलटं होईल हे मनातच आलं नव्हतं बघा. आता आलंय, ते जाणार नाही. रोज आठला फोन वाजेल आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसेन." त्या थांबल्या. "एकदा भोगलंय त्याने, तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्यांदा माझ्या घरात नको."

मी पुष्कळ बोललो. नकार कसा द्यायचा हे मला येतं. होकार कसा मिळवायचा हे मी कधी शिकलोच नाही. कागद त्यांनी परत दिला. समासाचा तेवढा भाग कात्रीने कापून ठेवून घेतला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई ऑपरेशनसाठी भरती झाली. तिने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी आजोबांना स्कूटरच्या पायठेवणीवर बसवून कोंडवाड्यात नेलं. तिथलं पत्रक पाऊण पानाचं होतं. रंग, नर की मादी, चावतो का. कारकुनाने ते तीन मिनिटांत भरलं.

"हा चालतो ना आपल्या पायांनी?" त्याने विचारलं.

"चालतात."

एका माणसाने दोरी घेतली आणि निघाला. आजोबा त्याच्या मागोमाग गेले, जरा घाईनेच.

सहाव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"मिळालं का हो त्याला घर?"

मी ऑफिसात होतो. समोर एका बुडालेल्या छापखान्याची फाईल उघडी होती.

"मिळालं."

"तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत?"

"मीच पोचवलं."

"फरशी गुळगुळीत नाही ना? त्याचे मागचे पाय घसरत होते माझ्याकडे."

"नाही. खरबरीत सिमेंट आहे."

"आणि घरात माणूस असतं?"

"चोवीस तास असतं."

"आणखी कुत्री?"

"आहेत. बरीच आहेत."

"बरं झालं." त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मला उगीच टोचत होतं, आपण त्याचं नुकसान केलं म्हणून. चांगलंच झालं म्हणायचं. आहेत तरी कशी माणसं?"

"कामात असतात," मी म्हटलं. "फार चौकशा करत नाहीत."

"तुमच्या त्या पत्रकात बसले?"

मी समोरच्या फाईलचं पान उलटलं. तळमजला, बंद आवार, डॉक्टर आवारातच, जिना नाही, लहान मुलं नाहीत. मी कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा असतानाच, सवयीने, मनात बेरीज केली होती. चौतीस आली होती. माझ्या घरापेक्षा कितीतरी जास्त.

"बसले," मी म्हटलं.

त्या फोन ठेवेनात. समोरच्याने ठेवल्याशिवाय ऑपरेटरने लाइन सोडायची नसते, हे त्यांनीच मला त्या दीड तासात कधीतरी सांगितलं होतं. मीही थोडा वेळ धरून बसलो. मग मी ठेवला.