मुशीचं तेल आणि शेवग्याचा पाला

डॉक्टर येसाजी भोनकराला नजमुद्दीन सिरखोताचं हसणं सहन होत नसे. हसणं मोकळं होतं, कुणाला टोचणारं नव्हतं, आणि तेच येसाजीला जास्त टोचायचं.

दोघे मुंबईच्या वैद्यकीय कॉलेजात एकाच प्रयोगशाळेत काम करायचे. सन चौतीसच्या हिवाळ्यात लष्कराने कॉलेजाकडे एक काम सोपवलं. वायव्य सरहद्दीवरच्या शिपायांना दिवस मावळला की दिसेनासं होई. पहाऱ्यावरची माणसं दरीत पडत, कधी आपल्याच सोबत्यावर बंदूक रोखत. या रातांधळेपणावर स्वस्त औषध हवं होतं. नजमुद्दीन म्हणाला, मुशी माशाच्या काळजाचं तेल. येसाजी म्हणाला, शेवग्याचा पाला. लष्कराकडून या कामावर नेमलेल्या मेजरसाहेबांनी दोघांनाही संधी दिली. ज्याचं औषध ठरेल त्याने सरहद्दीवर जायचं, तिथली नवी प्रयोगशाळा त्याच्या हाती.

येसाजीला ती जागा हवी होती. माणगावकडच्या भातशेतीतून, शिष्यवृत्तीच्या आधारावर इथवर आलेला माणूस तो. त्याने आजवर जे मिळवलं ते घासून घासून मिळवलं, आणि नजमुद्दीनला मात्र सगळं चालत येऊन मिळतं असं त्याला वाटे.

मुशी मुरुडला मिळते म्हणून प्रयोगासाठी आणलेल्या शिपायांचे तंबूही मुरुडलाच पडले. म्हणजे नजमुद्दीनच्या गावात. कोळी त्याला बघून होडी थांबवत. मेजरसाहेब त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत आणि येसाजीशी कामापुरतं बोलत. नजमुद्दीनची आई महेरुन्निसा दुपारी दोघांना जेवायला बोलवी आणि पहिला घास येसाजीने घेतल्याखेरीज मुलाला वाढत नसे. त्या माउलीच्या हातचं जेवतानाही येसाजीच्या मनात येई, हिच्या पोटी मी का नाही जन्मलो? मग स्वतःचीच लाज वाटून तो मुकाट्याने भात कालवी.

एका तंबूतल्या शिपायांना दुपारच्या जेवणाबरोबर पेल्यात तेल मिळे, दुसऱ्या तंबूला शेवग्याची भाजी. सगळे रातांधळे, सरहद्दीवरून रजा देऊन आणलेले. सूर्य बुडाला की वाळूवर पांढरी दोरी अंथरायची आणि एकेकाने तिच्यावरून चालत जायचं. सुरुवातीला सगळेच भरकटत. एक जण थेट पाण्यात शिरला आणि ओरडला, "आरं, समिंदर कुनी हितं आणला?" दोन्ही तंबू हसले.

पुढे पुढे पाल्याच्या तंबूतली माणसं दोरीवरून सरळ जाऊ लागली. तेलाचा तंबू होता तिथेच. मेजरसाहेबांनी पहिल्यांदा येसाजीच्या खांद्यावर हात ठेवला. येसाजीने बघितलं, नजमुद्दीन हसत नव्हता. त्या संध्याकाळी त्याला इतकं गोड वाटलं की जेवणाचीही आठवण राहिली नाही.

दत्तजयंतीला टेकडीवरच्या देवळात कीर्तन होतं. दिवस मावळायच्या आत उभं राहिलेलं कीर्तन. शिपायांना परवानगी मिळाली, येसाजीही गेला. बुवांचा गळा काय सांगावा! झांज थांबली तरी सूर माडांत अडकून राही. पूर्वरंगात त्यांनी सहा शत्रू घेतले. म्हणाले, "काम हाक मारून येतो, क्रोध दार फोडून येतो. मत्सर तसा नाही हो. तो मित्राबरोबर जेवायला येतो, त्याच्याच पानावर बसतो." मंडळी मान डोलवत होती. येसाजीने नजर खाली घातली.

बुक्का लावून घ्यायला रांग लागली तेव्हा तेलाच्या तंबूतला मोरू त्याच्या पुढे होता. सदऱ्याची गुंडी उघडून त्याने बुक्का गळ्याला लावला, आणि आत तुळशीची माळ दिसली. येसाजीच्या अंगातून काहीतरी सर्रकन गेलं. त्याने मोरूला बाजूला घेतलं आणि विचारलं, माळ घालून माशाचं तेल कसं पितोस?

"पितंय कोन, डाक्तर?" मोरू निरागसपणे म्हणाला. "आमचा समदा तंबू एकाच गावचा. गावाकडल्या बुवांनी साऱ्या गावाला माळ घातली, म्हंजी समदेच माळकरी. पर औषध फेकायचं म्हंजी पाप. म्हून पेला उचलून तुमच्या तंबूत न्हेतो. त्या पोरांना चालतंय. त्यांचं डोळं उघाडलं, आमाला पुन्य."

सांगताना त्याचा चेहरा कसा उजळला होता! देवाच्या दारात चांगलं काम सांगतो तसा.

येसाजीने कुणाला काही सांगितलं नाही. पाला खोटा नव्हताच, असं तो मनाशी म्हणे. त्यातही गुण आहे, फक्त सावकाश येतो. पण मेजरसाहेब आता पाला वाळवून डब्यांतून धाडणार होते, आणि वाळवलेल्या पाल्यात फारसा गुण उरत नाही हे येसाजी जाणून होता. एवढ्या माणसांचे डोळे आपल्या एका शब्दावर अवलंबून आहेत हे कळत असूनही त्याला नजमुद्दीनचा पडलेला चेहरा बघायचा मोह सुटेना.

मेजरसाहेबांनी निवड जाहीर केली तेव्हा नजमुद्दीन सगळ्यांच्या आधी पुढे आला आणि येसाजीला कडकडून भेटला. म्हणाला, आईने मिठाई केलीय, घरी चल. वाटेभर तो येसाजीच्या थंडीच्या कपड्यांची काळजी करत होता. आपल्या मामूचा लोकरी कोट देतो म्हणाला. येसाजीला वाटलं, हरल्यावरही हा माझ्यापेक्षा मोठाच. हेही ह्यालाच जमावं? आणि रागातच तो बोलून गेला.

"तुझं तेलच खरं आहे. माझ्या तंबूने तुझंच तेल प्यायलंय."

मग त्याने माळ, पेले, पुण्य, सगळं सांगितलं. नजमुद्दीन वाटेतच थांबला.

"तुला कधी कळलं?"

"दत्तजयंतीला."

नजमुद्दीनच्या चेहऱ्यावर राग येताना येसाजीने प्रथमच पाहिला, आणि त्याला विचित्र हलकं वाटलं.

"आजवर गप्प का राहिलास?"

"ती जागा तुला मिळालेली मला बघवली नसती म्हणून."

नजमुद्दीनने मिठाईचं नाव पुन्हा काढलं नाही. पण मेजरसाहेबांकडे दोघे बरोबरच गेले. येसाजीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, गप्प बसल्याचंसुद्धा. साहेब लालबुंद झाले. प्रयोग नव्याने मांडला. माळकऱ्यांना ताजा पाला, सरहद्दीवरून नव्याने आणलेल्या रातांधळ्यांना तेल, आणि कुणी पेला उचलून चालू लागू नये म्हणून येसाजी स्वतः पंगतीत उभा राही. आधी तेलवाले दोरीवर सरळ चालले. माळकरी नंतर, सावकाश, पण तेही चालले.

नजमुद्दीनची नेमणूक झाली, आणि येसाजीने तेल काढून धाडायला मुरुडलाच राहायचं ठरलं. नजमुद्दीनला पोचवायला येसाजी आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत गेला. महेरुन्निसा रडत होती. नजमुद्दीनने आईचा हात येसाजीच्या हातात दिला आणि म्हणाला, "दुपारचा हिच्याकडे जेवत जा. एकटी जेवायची नाही ती."

येसाजीने मान हलवली. होडी सुटली, कोळ्यांनी नजमुद्दीनला हाका मारल्या, तो हसून हात हलवत राहिला. येसाजीच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली. तो मनातल्या मनात दत्ताचं नाव घेऊ लागला, आणि महेरुन्निसाला सावकाश चालवत गाडीकडे निघाला.