दीड टक्का

क्षितिजाने कुमूच्या बुटांतली वाळू बाल्कनीच्या कठड्याबाहेर झटकली आणि आत येता येता विचारलं,

"मग, आज कितीवर आहेत तुझे विक्सराव?"

"दीड," चारुदत्त म्हणाला.

"टक्के की माणसं?"

तो हसला नाही. खुंटीवरची केलरची, म्हणजे तळघराची, किल्ली काढून त्याने लॅपटॉप काखेत मारला.

"आयोवात दुपारच्या जेवणाची वेळ होतेय आता. लोक घरी सापडतात."

"इथेही होतेय जेवायची वेळ."

"येतो गं. तू कुमूला वाढून घे."

"पापा टेलेफोनिअर्ट," कुमूने बाहुलीला समजावलं. चार वर्षांची पोर. मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र किंडरगार्टनच्या जर्मनमध्ये.

दार लागलं. क्षितिजाने कुकर उघडला आणि वाफेपासून तोंड बाजूला केलं.

चारुदत्त जन्माने अमेरिकन. त्याचे बाबा ओहायोत शिकत असताना झालेला, आणि नीट बोलायला लागायच्या आत पुण्याला आलेला. तो निळा पासपोर्ट इतकी वर्षं कपाटात पडून होता. जर्मनीत, कार्ल्सरूहेला आल्यावरही त्या देशाच्या राजकारणाशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. आणि या हिवाळ्यात एकाएकी हे खूळ. अध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, हे तिकडे आधी राज्याराज्यांतले मतदार ठरवतात, सुरुवात आयोवापासून. त्या शर्यतीत पुढे चार दांडगे उमेदवार होते. त्यांना सोडून चारूने निवडला तो हार्लन विक्स. कुठल्याशा चिमुकल्या राज्याचा माजी गव्हर्नर, खांदे पाडून उभा राहणारा, टीव्हीवरच्या चर्चेत पार कडेला टाकलेला. तो जिंकणार नाही हे विक्सच्या बायकोलासुद्धा ठाऊक असेल, असं क्षितिजा म्हणायची.

"मग त्याच्यासाठी फोन कशाला करतोस रोज?"

"शिकवलंय त्यांनी कसं बोलायचं ते," तो भलतंच उत्तर द्यायचा. "उमेदवाराचं नाव आधी घ्यायचं नाही. आधी आपली गोष्ट सांगायची. गोष्ट ऐकली की माणूस फोन ठेवत नाही."

"तुझी कसली रे गोष्ट? पार्किंग मिळत नाही ती?"

"आहे एक," म्हणून तो भांडी लावायला लागायचा.

सप्टेंबरात, सातव्या महिन्यात, तिच्या पोटातली हालचाल थांबली होती. मुलगा होता. नर्सने त्याला विणलेल्या दुलईत गुंडाळून आणलं आणि हळूच दोन गोष्टी विचारल्या: हातात घेणार का, आणि नाव काय. क्षितिजाने भिंतीकडे तोंड फिरवलं. चारूने त्याला घेतलं, खिडकीपाशी नेलं. नावाचं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्यात बारशाला ठेवतात, बाराव्या दिवशी. नर्स "हो, हो" एवढंच पुटपुटली. पुन्हा तिने विचारलं नाही.

मग घरी कुणीच काही विचारलं नाही. क्षितिजाला रजा होती. चारू त्याच आठवड्यात सायकल काढून ऑफिसला गेला. सासूबाई फोनवर रडल्या आणि मग कुमूच्या खोकल्याबद्दल बोलल्या. आपण तोंड फिरवलं, हे क्षितिजाच्या मनात रोज यायचं. कसा होता, हे चारूला विचारायचं तर ते तोंड फिरवणंही बोलावं लागलं असतं. तिने ते टाळलं, आणि त्यानेही आपण होऊन काढलं नाही.

कुमूचं जेवण झाल्यावर तिला आठवलं, सकाळी लावलेले कपडे अजून मशीनमध्येच आहेत. सगळ्या बिऱ्हाडांची मशीनं खाली केलरमध्ये होती. कुमूला चित्रांच्या पुस्तकाशी बसवून ती बादली घेऊन उतरली. शेवटच्या पायरीवर चारूचा आवाज कानावर आला. इंग्रजीत बोलत होता, पण मीटिंगमधलं इंग्रजी नव्हे. हळू, थांबत थांबत.

"केस भरपूर होते, हो. काळेभोर. सगळे म्हणतात इतक्या लवकर नसतात, पण होते… नाही, माझ्यासारखा नाही. हनुवटी माझ्या बाबांची. आणि पाय माझ्या बायकोचे. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. दोन्ही पायांना तसंच. मी पुन्हा पुन्हा बघितलं."

पलीकडून कुणी काही विचारलं असावं.

"ध्रुव. सांगतो, लिहून घ्या. डी, एच, आर, यू, व्ही… थँक यू. तुमच्या चर्चमध्ये त्याचं नाव घेतलंत तर बरंच वाटेल मला." मग जरा घसा खाकरून, "तर विक्स म्हणतात, ज्या घरी पाळणा हलला नाही, त्या घरच्या आईबापालाही रजा हवी. दोघांनाही. असं बोलणारा दुसरा कुणी मला दिसला नाही. म्हणून फोन केला."

क्षितिजा रिकामी बादली घेऊन वर आली.

चारू वर आला तेव्हा तिने त्याचं ताट गरम करून ठेवलं होतं.

"एक आजी येते म्हणाल्या मतदानाला," तो म्हणाला. "बर्फातून."

"बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर तिचे कपडे रोज निघायला लागले. टॉवेल, पडदे, कुमूचे स्वच्छ असलेले फ्रॉकसुद्धा. ती बादली घेऊन जिन्यात बसायची. चारू एका शिक्षकाला सांगायचा की पोराची मूठ उघडत नव्हती; एका ट्रक ड्रायव्हरला, की खिडकीबाहेर ट्राम गेली तेव्हा मी त्याला दाखवली. कुणी मध्येच फोन ठेवायचं. मग तो पुढचा नंबर लावायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. तिला एकेक तुकडा मिळत होता. वर आल्यावर ती विचारायची, "आज किती?" आता त्यात टोमणा नसायचा. दीडचे दोन झाले त्या दिवशी तिने शिरा केला.

"हे काय?" चारू म्हणाला.

"असंच. विक्सरावांना."

आयोवाचं मतदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चारू नाश्त्याला बसला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"माघार घेतली त्यांनी."

"लगेच? अजून एवढी राज्यं आहेत की!"

"मतंच नाहीत, क्षिती. पैसाही संपला म्हणे. सगळ्यांचे आभार मानले, फोन करणाऱ्यांचेही." त्याने ब्रेडला लोणी लावलं, दुसऱ्या बाजूलाही लावलं, आणि तो तसाच ताटलीत ठेवला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला त्याने खुंटीवरची किल्ली काढली. मग तिच्याकडे पाहत उभा राहिला.

"पापा, मुस्ट डू निष्ट टेलेफोनिअरन?" कुमूने विचारलं. आज फोन करायचे नाहीत का?

"नाही गं राणी. झालं ते." किल्ली त्याने खिशात टाकली. "कपडे घेऊन येतो खालून."

खाली कपडे नव्हते. सगळे दुपारीच वर आले होते, घड्या घालून पलंगावर होते. त्यालाही ते दिसले असणार. क्षितिजाने त्याला जाऊ दिलं.

थोड्या वेळाने ती बेडरूममध्ये गेली, दार लोटलं आणि फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय गं? येतोय," त्याचा आवाज घोगरा होता.

"विक्सच्या प्रचारातले चारुदत्त ना तुम्ही?"

"क्षिती?"

"मी आयोवातून बोलतेय. आज तुमचा फोन आला नाही हो. वाट बघत होते."

पलीकडे कुणाचं तरी मशीन घरघरत होतं. ते थांबलं. तिला वाटलं, त्याने फोन ठेवला.

"किती दिवसांपासून ऐकतेयस?" शेवटी त्याने विचारलं.

"तुमची गोष्ट सांगता ना," ती म्हणाली. "घाई नाही मला. सुरुवातीपासून सांगा."



"माझं नाव चारुदत्त. मी जर्मनीत राहतो," त्याने मराठीतच सुरुवात केली. "मला एक मुलगी आहे, आणि एक मुलगा."

क्षितिजा पलंगाच्या कडेला बसली, फोन खांद्यात धरला, आणि पायातला मोजा ओढून काढून अंगठ्याशेजारचं बोट चाचपलं.