सेकंदाचा आठवा भाग

घरच्या कॉम्प्युटरला रेकॉर्डिंग झेपेल का, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी हसले. चोवीस ट्रॅक, प्रत्येकावर आवाज सजवणारे तीन-तीन प्लगइन, तरी माझा डबा हूं की चूं करत नाही, असं मी त्यांना ऐकवलं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून सहा वर्षं मी त्याच्यावर जाहिरातींचं संगीत बनवत होते. वाद्य मात्र मला एकही येत नाही. एकेक सूर माउसने उचलायचा आणि पडद्यावरच्या रेघेवर नेऊन बसवायचा, एवढंच माझं वाजवणं.

बाबा तीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवत होते. तिथे त्यांना सगळे ‘भाता’ म्हणायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि डावा हात गेला. चार महिन्यांनी तो परत आला, निदान बाबांच्या मते. मग ऑर्केस्ट्राच्या मास्तरांचा निरोप आला. साथीसकट तीन गाणी रेकॉर्ड करून पाठव, हात पूर्वीसारखा चालत असेल तर तुझी खुर्ची तुझीच. नसेल तर त्यांना दुसरा माणूस बघावा लागणार होता.

आई म्हणाली, चांगल्या स्टुडिओत जा. बाबांना परक्यांसमोर चुकायचं नव्हतं. शिवाय आजारपणापासून जो तो त्यांच्याशी गोड बोलत होता. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई तर दोन बोटं हलली तरी टाळ्या वाजवायची. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे, आणि बाबांना नेमकं तेच हवं होतं.

“जमत नसेल तर तू तोंडावर सांगशील,” ते म्हणाले. “तू सांगितलंस की मी मानेन.”

रविवारी दुपारी मी खिडकीला रजई टांगली, फ्रिज बंद केला, बाबांसमोर माइक लावला, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. साथ मी आधीच भरून ठेवली होती. मोठ्या सभागृहात वाजल्यासारखं वाटावं म्हणून अकॉर्डियनवरही एक प्लगइन चढवला. बाबांनी पहिला सूर लावला आणि कॉम्प्युटर चरचरायला लागला. माझं नाक कापलं जाणार असं दिसताच मी सेटिंगमध्ये जाऊन बफर वाढवला, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटरला दम खायला थोडा जास्त वेळ दिला. चरचर थांबली. झेपलं की नाही, असं मी विचारलंसुद्धा.

पहिलं गाणं बाबांनी डोळे मिटून एका दमात वाजवलं. मध्ये दोन-तीनदा त्यांच्या कपाळावर आठी आली, पण हात थांबले नाहीत. ऐकून बघितलं तर अकॉर्डियन साथीच्या मागून फरफटत येत होतं. दुसऱ्या वेळी ते हेडफोनमधल्या आपल्याच आवाजाला धरून वाजवायला गेले आणि सगळंच विस्कटलं. तिसऱ्या वेळी अर्ध्यातच थांबले.

“काहीतरी गडबड आहे गं,” ते म्हणाले. “छातीला आधी कळतं, कानाला नंतर.”

अकॉर्डियन छातीशी धरूनच वाजवतात. सूर आधी बरगड्यांत वाजतो. चोवीस ट्रॅकच्या बाता मारणाऱ्या बाईला त्या एका वाक्यावरून सगळं कळायला हवं होतं. मला वाटलं, सबब सांगताहेत.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हणाले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. ही उभी रेघ म्हणजे ठेका आणि हा तुमचा सूर, असं मी त्यांना बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक सूर रेघ ओलांडून उजवीकडे, म्हणजे उशिरा, पडला होता. कॉम्प्युटरचं तुमच्याशी काही वैर नाही, हेही वर सांगितलं.

बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

“सगळेच?” त्यांनी विचारलं.

“सगळेच.”

त्यांनी मास्तरांना त्याच संध्याकाळी कळवून टाकलं. चार दिवसांनी अकॉर्डियन स्वतः रिक्षात घालून नेलं आणि नव्या वादकाला देऊन आले. आई रडली, मी तिला समजावलं की खरं कळलेलं बरं. त्यानंतर बाबांनी हाताचा व्यायाम सोडला. बाईला येऊ नका म्हणून सांगितलं. चहाचा कप ते उजव्या हाताने घेऊ लागले आणि डावा मांडीवर ठेवून दिवसभर खुर्चीत बसू लागले. त्याची बोटं हळूहळू आत वळायला लागली होती.

दीड महिन्याने एका जाहिरातीसाठी माणसाच्या खऱ्या टाळ्या हव्या होत्या. कोणाला बोलवायचं, म्हणून हेडफोन लावून मीच वाजवल्या. टाळी हाताला आधी लागली आणि कानात नंतर आली. पडद्यावर माझी प्रत्येक टाळी रेघ ओलांडून उजवीकडे पडली होती. माझ्या हातांना काहीही झालेलं नाही. अंतर मोजलं, तर बरोबर सेकंदाचा आठवा भाग. प्लगइन काढले, त्या रविवारपासून वाढवूनच ठेवलेला बफर कमी केला, आणि टाळी जागेवर आली. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं केलं होतं.

मग मी बाबांचं पहिलं गाणं उघडलं. सबंध ट्रॅक एकदाच, तेवढाच, डावीकडे ढकलला. पावणेचार मिनिटांत एक सूर चुकलेला नव्हता. डाव्या हाताचे तर सगळ्यात नेमके होते. मी टेबलावर डोकं टेकून रडले. मला स्वतःची किळस आली.

बाबा खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं भडाभडा सांगितलं, बफर, प्लगइन, माझ्या टाळ्या. चूक माझी होती, तुमचा हात ठणठणीत होता, मास्तरांना आत्ता फोन करते, असं सगळं. मग मी त्यांना हेडफोन लावले आणि गाणं ऐकवलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालू लागली. डावा हात होता तिथेच होता.

“छान आहे,” संपल्यावर ते म्हणाले.

“तुम्हीच वाजवलंय, बाबा. त्या रविवारी.”

“सगळं रेघेवर आहे?”

“सगळं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तू माउसने सरकवलंस ना?”

एकदाच सरकवलं, सगळं मिळून सरकवलं, दुरुस्त करणं वेगळं आणि हे वेगळं, असं बरंच काही माझ्या ओठांवर आलं. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं.

“हो,” मी म्हणाले. “पण बाबा, ऐका—”

त्यांनी हेडफोन काढले, एका हाताने वायर जमेल तशी गुंडाळली आणि ते माझ्या मांडीवर ठेवले.

“तू तरी नको गं असं करूस,” ते म्हणाले.